फेलेतीमामाची मांडी

माझ्या मामाचं काम बसण्याचं होतं. ऐकायला गंमत वाटेल, पण आमच्या बेटावरच्या होउमाताऊ गावात त्याहून अवघड काम दुसरं नव्हतं. सरदारांच्या उजव्या हाताला, चटईवर, मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसायचं. समोर कावाचं, म्हणजे मुळं कुटून पाण्यात कालवलेल्या पेयाचं, मोठं लाकडी भांडं आणि गोलात बसलेले गावोगावचे मानकरी. कुणाचा पेला आधी, कुणाचा नंतर, कुणी आणलेल्या डुकरांचे आणि कंदांचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे, हे सगळं मामाच्या तोंडून निघायचं. सरदार स्वतः फारसं बोलत नसत. त्यांचं तोंड म्हणजे माझा मामा. लग्न असो की मयत, सकाळी बसलेला मामा दुपार कलली तरी तसाच. पाय पसरायचा नाही, गुडघा वर करायचा नाही, एका अंगावर रेलायचं नाही. सरदारांसमोर पाय लांब करणं म्हणजे त्यांचा भर सभेत अपमान.

त्याचं नाव फेलेती. आजोबा वारल्यावर त्यांचं पद त्याच्याकडे आलं आणि पदाबरोबर नावही आलं, लाउहिंगा. गाव त्याला त्या नावानं ओळखू लागलं. फेलेती म्हणणाऱ्या दोघीच उरल्या, माझी आई आणि मी. आई त्याची थोरली बहीण, तेलेसिया. आमच्याकडे बहिणीचा मान भावाच्या वरचा, आणि बहिणीच्या मुलांचा तर विचारूच नका. भाचीनं मामाच्या पानातला मासा उचलला तर मामानं हसत दुसरा पुढे करायचा. मी हा हक्क लहानपणापासून पुरेपूर वापरला. एकदा मी त्याचा कोंबडा काखेत मारून निघाले होते.

“लावी, नेतेस तर ने, पण मला पहाटे उठवणार कोण?”

“मामी आहे की.”

“तुझी मामी कोंबड्याच्या आधी उठवते. म्हणून तर कोंबडा लागतो. तो आरवला की मला कळतं, अजून झोपायला वेळ होता.”

मामी, कालेसिता, चुलीपाशी बसून तोंडावर हात ठेवून हसत होती. कोंबडा मी नेलाच.

आई मात्र त्याच्याशी असं बोलू शकत नव्हती. वयात आल्यावर भाऊ-बहीण एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांसमोर थट्टामस्करी करत नाहीत आणि अंगाच्या दुखण्याबद्दल तर अवाक्षर काढत नाहीत. त्यांची घरं शेजारी, मधे फक्त एक फणसाचं झाड, तरी निरोप न्यायला मीच. “फेलेतीला सांग, छपराचा पत्रा उचकटलाय,” असं आई म्हणायची आणि मी सांगून परत यायच्या आत मामा हातोडा घेऊन आलेला असायचा. बहिणीनं सांगितलं आणि भावानं टाळलं, असं त्यानं जन्मात केलं नाही.

गुडघ्याचं दुखणं पदाच्याही आधीचं. मामा ऐन तरुण होता. कुणाच्या तरी लग्नासाठी शेजारच्या बेटावरून होडीनं डुकरं आली होती. धक्क्यावर उतरवताना एका भल्या थोरल्या डुकरानं हिसका दिला. मामाचा पाय फळ्यांच्या फटीत अडकला, अंग फिरलं आणि पाय फिरला नाही. गुडघ्यात काहीतरी फाटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. पण दोर सुटला नाही. त्या लग्नात सगळे त्याला चिडवत होते, “फेलेती, तू त्याला खाल्लंस, पण त्यानं तुला आधी खाल्लं!” गावातल्या म्हातारीनं खोबरेल चोळून पाला बांधला. सूज उतरली. त्यानंतर कधीकधी गुडघा मधेच अडकायचा, दाराची कडी अडकावी तसा. मामा हातानं पाय जरासा हलवायचा, खट् व्हायचं आणि पुढे चालायला लागायचा.

पद आलं तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. सुरुवातीला निभावलं. मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की मामा कावाच्या सभेला सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो आणि सगळे गेल्यावर उठतो. लोकांना वाटायचं, काय निष्ठा आहे माणसाची! खरं कारण असं की बसताना आणि उठताना त्याचा चेहरा कुणी पाहू नये. उठायच्या वेळी मामी मागच्या दारानं यायची, त्याच्या काखेत हात घालायची आणि त्याला उभं करायची. उभं राहिल्यावर तो क्षणभर डोळे मिटून खांबाला धरून राहायचा.

एका रविवारी सकाळी मामी धावत आमच्याकडे आली. आदल्या दिवशी नव्या चर्चची मोठी मेजवानी झाली होती. डुक्कर, ऑक्टोपस, शिंपले, डब्यातलं मांस, सगळं रेलचेलीनं होतं. मी गेले तर मामा चटईवर आडवा. डावा गुडघा पिकल्या पपईसारखा फुगलेला, लाल आणि गरम. पांघरूण नुसतं टेकलं तरी तो ओरडत होता.

“लावी, माशी बसू देऊ नकोस गं त्याच्यावर,” तो म्हणाला. मला हसू आलं. त्याला हसू आलं नव्हतं.

मी तेव्हा खाडीपलीकडच्या नेयाफू शहरात शाळेत शिकवत होते, त्यामुळे दवाखान्यात त्याला मीच घेऊन गेले. डॉक्टर लोलोहेआ आमच्याच बेटावरचे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं. भाताच्या पेजेसारखं गढूळ पाणी. मामानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“हा गाऊट आहे,” डॉक्टर म्हणाले. “रक्तातलं आम्ल वाढतं आणि त्याचे बारीक खडे सांध्यात जमतात. पण एवढंच नाही. आतली गादी फार जुनी फाटलेली आहे. हाडाला हाड घासतंय. आणि साखरही आहे तुम्हाला.”

“एकाच गुडघ्यात एवढी मंडळी? माझ्या घरात तर दोघंच राहतात,” मामा म्हणाला.

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. डब्यातलं मांस बंद, शिंपले बंद, पाणी भरपूर. एक गोळी रोज घ्यायची, दुखो न दुखो. “आणि खाली बसणं सोडा. खुर्चीवर बसा.”

मामा त्यांच्याकडे बघत राहिला. “डॉक्टर, तुम्ही इथलेच. मी खुर्चीवर बसलो तर माझं डोकं सरदारांच्या डोक्याच्या वर जाईल.”

“मला माहीत आहे.”

“मग?”

“मग त्या जागेवर दुसऱ्या कुणाला तरी बसवा, लाउहिंगा. मी दुसरं काय सांगू?”

आम्ही होडीनं परत निघालो. किनारा जवळ आल्यावर मामा म्हणाला, “तुझ्या आईला सांग, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बाकीचं नको सांगूस.” पण मी आईला सगळं सांगितलं. तिनं मान न उचलता विणकाम चालू ठेवलं.

रोजची गोळी मामानं थोडे दिवस घेतली. तिनं लगेच काही फरक पडेना, उलट मधेच गुडघा पुन्हा पेटला, म्हणून ती डबी फळीवर गेली. मग नाताळात त्याचा मुलगा एतुआते ऑकलंडहून आला. तिथं तो बांधकामावर होता. बापाला उठताना पाहून त्यानं बॅगेतून दुखण्यावरच्या गोळ्यांची बाटली काढली. “आम्ही सगळे ह्याच घेतो, बाबा. दिवसभर सिमेंट ओततो आम्ही ह्यांच्यावर.”

मामानं दोन गिळल्या आणि तासाभरात अंगणात चालून दाखवलं. मामीला म्हणाला, “बघ, डुकरानं परत केला गुडघा!”

तेव्हापासून त्या गोळ्यांचं सुरू झालं. सभेच्या आधी दोन, मग तीन. सभा नसली तरी सकाळी एक, कारण त्याशिवाय विहिरीपर्यंत जाववेना. बाटली संपली की एतुआते दुसरी पाठवी, आणि ती यायच्या आत संपली तर नेयाफूच्या दुकानात तशाच मिळत. डॉक्टर एकदा बाजारात भेटले, त्यांनी मामाच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं आणि तिथंच हात धरून सांगितलं, “त्या गोळ्या मूत्रपिंडं खातात. तुम्हाला साखर आहे. थांबवा.” मामानं मान डोलावली. आमच्याकडे डॉक्टरांना नाही म्हणायची पद्धत नाही.

कालेसितामामी त्याच आठवड्यात आईकडे आली. आई ओसरीत चटई विणत होती, मी पानं चिरून देत होते. मामी उंबऱ्याच्या खालीच बसली. नणंदेसमोर ती नेहमी तशीच बसायची, इतकी वर्षं झाली तरी.

“वन्सं, एक मागायला आलेय.”

“माग की.”

“तुम्ही त्यांना सांगा, पद सोडा म्हणून. त्यांच्या चुलतभावाला द्या म्हणावं. पासेमाता चांगला बोलतो, त्याचे पाय धड आहेत. मी सांगून थकले. एतुआतेनं फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं. कुणाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.”

आईचे हात थांबले नाहीत. बराच वेळ पानं सरकल्याचा आवाज येत राहिला.

“कालेसिता, ते पद माझ्या वडिलांचं आहे.”

“हो, वन्सं.”

“त्यांनी मरताना त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पासेमाताच्या नाही. मी त्याला ऊठ म्हटलं तर गाव काय म्हणेल? तेलेसियानं आपल्याच भावाला बापाच्या जागेवरून उठवलं.”

“गाव म्हणू दे, वन्सं. त्यांच्या पायांत बोट दाबलं तर खळगा पडतो. तसाच राहतो खळगा.”

“गुडघे कुणाचे दुखत नाहीत? माझे दुखत नाहीत? जन्मभर खाली बसून विणतेय मी.” आईचा आवाज चढला. मग ती जरा मऊ झाली. “सरदार म्हातारे झालेत. ते आहेत तोवर बसू दे त्याला. मग मी बोलेन त्याच्याशी. मी शब्द देते.”

मामीनं डोकं खाली केलं आणि “बरं, वन्सं” म्हणाली. जाताना तिनं फणसाच्या झाडाखाली थांबून बाहीनं नाक पुसलं. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “पानं चीर. अंधार पडायच्या आत ही ओळ व्हायला हवी.”

सरदार त्या वर्षअखेरीला गेले.

असं मयत आमच्या बेटानं पुष्कळ वर्षांत पाहिलं नव्हतं. राजधानीहून जहाजं आली. प्रत्येक बेटावरून लोक चटया, झाडाच्या सालींचं कापड, डुकरं, कावाची मुळं घेऊन येत आणि अंगणात मांडून बसत. प्रत्येकाचे आभार मानायचे आणि प्रत्येकाच्या घराण्याचा मान ठेवून मानायचे. ते काम मामाचं. रोज सकाळपासून तो काळे कपडे घालून, सुतकाच्या रिवाजाप्रमाणे कमरेला फाटकी जुनी चटई गुंडाळून शवाच्या मांडवात बसायचा. रात्रीच तेवढा घरी यायचा. मामी त्याच्या कमरेच्या गाठीत गोळ्या बांधून द्यायची, कारण तिनं दिल्या नाहीत तर तो एखाद्या पोराला दुकानात पाठवायचा.

मी त्याचं बोलणं मांडवाबाहेर उभी राहून ऐकलं. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुंदर बोलणं होतं. दूरच्या एका छोट्या बेटावरून चार म्हातारे फक्त सुके मासे घेऊन आले होते, लाजत मागे बसले होते. मामानं त्यांच्या पणजोबांचं नाव घेतलं. मोठ्या वादळाच्या वर्षी त्यांच्या होडीनं आमच्या गावाला पाणी आणून दिलं होतं, ते सांगितलं आणि म्हणाला की आज या अंगणात त्या पाण्याहून मोठी भेट आलेली नाही. ते म्हातारे ओक्साबोक्शी रडले. राजधानीहून आलेले मानकरीही मान हलवत होते. मामाचा चेहरा मातीसारखा झाला होता आणि ओठ कोरडे पडले होते. ते सरदारांच्या दुःखानं झालंय, असं सगळ्यांना वाटलं.

दफन झाल्यावर लोक उठले. मामा नेहमीप्रमाणे बसून राहिला. मामी मागच्या बाजूनं गेली, काखेत हात घातला आणि मग तिची हाक ऐकू आली, “लावी! लावी, इकडे ये!”

त्याला उठता येत नव्हतं. पाय मांडी घातलेले तसेच घट्ट झाले होते, पोटऱ्या सुजून एकमेकांत रुतल्या होत्या. तो आमच्याकडे बघून ओशाळं हसला. “काल दुपारपासून लघवीला झाली नाही,” तो हळूच म्हणाला. “बरंच झालं म्हणा. मधे उठावं लागलं नाही.”

चार पुरुषांनी त्याला तसाच, मांडी घातलेलाच उचलून होडीत ठेवला आणि दवाखान्यात नेला.

डॉक्टर लोलोहेआंनी रक्त तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती. रक्त धुण्याचं यंत्र त्या काळी आमच्या बेटांवर नव्हतं. एतुआतेनं ऑकलंडला नेण्यासाठी खूप धडपड केली, या कचेरीतून त्या कचेरीत फिरला. होकार काही मिळाला नाही. फोनवर तो लहान मुलासारखा रडत होता. “मीच दिल्या गं, लावी. माझ्याच बॅगेतून दिल्या.” मी त्याला काय सांगणार? त्यानं बापाचं दुखणं पाहून जे हाताशी होतं ते दिलं होतं.

आई दवाखान्यात आली तेव्हा मी आणि मामी मामाजवळ होतो. ती खोलीत शिरली नाही, दारात उभी राहिली. बहिणीला पाहून मामा कोपरांवर उठायला लागला. त्याचे पाय खाटेवर पसरलेले होते आणि बहिणीसमोर तसं पडून राहणं त्याला जमेना. तो पाय ओढून घ्यायची धडपड करू लागला, गुडघा वाकला आणि त्याच्या तोंडून किंकाळी निघाली.

आईनं उंबरा ओलांडला. मी जन्मल्यापासून तिला त्याच्या इतक्या जवळ गेलेलं पाहिलं नव्हतं. ती खाटेच्या पायथ्याशी गेली आणि तिनं त्याच्या दोन्ही घोट्यांवर हात ठेवले.

“फेलेती, पाय पसर.”

तो पाय आखडूनच राहिला.

“मी सांगतेय. पसर पाय. आता बसायचं नाही.”

त्यानं पाय सोडले. डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत गेलं. आईनं हात काढले नाहीत. तिच्या बोटांचे खळगे त्याच्या घोट्यांवर उठले आणि तसेच राहिले, मामीनं सांगितलं होतं तसे. मी आणि मामी दोघींनी ते पाहिले.

मामाला घरी आणलं. पावसाळा सरेपर्यंत तो होता. शेवटी अंगाला खाज सुटायची, अन्नाचा वास नको व्हायचा. गुडघा मात्र आता दुखत नाही, असं तो सांगायचा. पासेमाताला खाटेजवळ बसवून घराण्यांची नावं शिकवायचा. मधेच झोप लागायची, जागा झाला की तिथूनच पुढे चालू. मला म्हणायचा, “लावी, घरातलं काय हवं ते आत्ताच ने. मागून एतुआतेशी भांडत बसू नकोस.” मी म्हणायचे, काही नको. “असं कसं? मग भाची कसली तू?” शेवटी मी त्याचा चहाचा पेला मागून घेतला. त्याला बरं वाटलं.

एके दिवशी दुपारी, मामी त्याचं तोंड पुसत असताना, तो गेला.

मयताला रिवाजाप्रमाणे आई उशाशी बसली, सगळ्यांच्या वर, आणि मामी केस मोकळे सोडून खाली, दाराजवळ. आभाराचं बोलणं पासेमातानं केलं. बरं बोलला.

महिन्याभरानं आईनं ती मोठी चटई पुरी केली, वर्षभर विणत होती ती, आणि माझ्या डोक्यावर देऊन मामीकडे गेली. मामी कपडे धूत होती. तिनं हात पुसले, चटई घेतली, नीट घडी करून आत ठेवली आणि परत येऊन खालीच बसली.

“कालेसिता,” आई म्हणाली, “तू बोल ना मला काहीतरी. शिव्या दे हवं तर.”

“काय बोलू, वन्सं?”

“तेव्हा मी सांगितलं असतं, तरी त्यानं ऐकलं असतं का?”

मामीनं थोडा विचार केला. ती खोटं बोलू शकली असती. आई तेच मागत होती, हे मलाही कळत होतं.

“ऐकलं असतं, वन्सं,” ती म्हणाली. “तुमचं ऐकलंच असतं.”

आईनं मान हलवली. मग मामी उठली, आमच्यासाठी कसावा उकडायला टाकला आणि जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

पुढच्या वर्षी एतुआतेनं तिला ऑकलंडला नेलं. तिथं ती नातवंडं सांभाळते. दर रविवारी चर्चनंतर ती आईला फोन करते. आई फोन कानाला लावून पाऊस, डुकरं, कुणाचं लग्न ठरलं, सगळं सांगते. फेलेतीचं नाव दोघींपैकी कुणी घेत नाही. फोन ठेवल्यावर आई ओसरीत जाते, विणायला बसते, आणि संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलायला गेलं तरी ती हं म्हणण्यापलीकडे काही बोलत नाही.